विश्लेषण : सफारीसाठी दुर्बीण ८ पटींची की २० पटींची? मोठा आकडा का फसवतो?

ताडोबा, पेंच, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, बोर, नवेगाव-नागझिरा. नागपुरातून पहाटे निघाले की यांपैकी बहुतेक ठिकाणी सफारी गाठता येते. त्यामुळे शहरात दुर्बिणीची चौकशी करणारे वाढले आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, ‘किती पट दिसते?’ खरे तर खरेदीत सर्वाधिक फसगत याच प्रश्नामुळे होते. जंगलात वापरायच्या दुर्बिणीसाठी पट हा सर्वांत महत्त्वाचा निकष नाही. तो का नाही आणि दुर्बीण निवडताना नेमके काय पाहावे, याविषयी...

दुर्बिणीचा प्रश्न आताच महत्त्वाचा का?

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातील गोठणगाव परिसरात ‘एफ-२’ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवली. त्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर फिरल्यानंतर वनविभागाने जिप्सीचालक आणि मार्गदर्शकांवर निलंबनाची कारवाई केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. कारवाई योग्यच होती. पण चालकाच्या पाठीमागे बसून ‘अजून थोडे पुढे घ्या’ म्हणणाऱ्या पर्यटकांचा प्रश्न त्यातून सुटला नाही.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पर्यटकांच्या वाहनाने वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर राखायचे असते. आता साधे गणित पाहा. ८० मीटरवर बसलेला वाघ ८ पट दुर्बिणीतून १० मीटरवर असल्यासारखा दिसतो. म्हणजे नियम जेवढे जवळ जाऊ देतो, त्याच्या निम्म्या अंतरावर वाघ येतो. जिप्सी जागची हलत नाही आणि वाघालाही त्रास होत नाही. म्हणूनच सफारीच्या खर्चाचा हिशेब मांडताना दुर्बीण ‘हौसेची वस्तू’ या रकान्यात टाकणे चूक आहे. ताडोबासह राज्यातील व्याघ्र प्रकल्पांत सफारीदरम्यान मोबाइल वापरावर निर्बंध असल्याने तर ती अधिकच उपयोगी ठरते.

दुर्बिणीवरचे दोन आकडे काय सांगतात?

प्रत्येक दुर्बिणीवर ८×४२, १०×२५, १०×५० असे दोन आकडे असतात. पहिला आकडा पट सांगतो, म्हणजे वस्तू किती पट जवळ भासेल ते. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. प्रकाश किती गोळा होणार, हे या दुसऱ्या आकड्यावर ठरते. भिंगाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ४२ मिमीचे भिंग २५ मिमीच्या भिंगापेक्षा जवळपास पावणेतीन पट प्रकाश घेते.

तिसरा आकडा दुर्बिणीवर सहसा ठळक छापलेला नसतो आणि सफारीसाठी तोच सर्वांत कामाचा आहे. व्यासाला पटीने भागले की दुर्बिणीच्या मागच्या बाजूने डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. तिला ‘एक्झिट प्युपिल’ म्हणतात. ८×४२ मध्ये ती ५.२५ मिमी, १०×४२ मध्ये ४.२ मिमी, तर १०×२५ आणि २०×५० या दोन्हींमध्ये अवघी २.५ मिमी असते.

भर दुपारी माणसाची बाहुली आकुंचन पावून दोन-तीन मिमीची होते. तेव्हा २.५ मिमीचा झोत पुरतो. पण सफारीची खरी वेळ भर दुपारची नसते. वाघ, बिबट, अस्वल, रानकुत्रे हालचाल करतात ते उजाडताना आणि मावळताना. त्या अंधूक उजेडात बाहुली पाच मिमी किंवा त्याहूनही मोठी होते. डोळा जास्त प्रकाश घ्यायला तयार असतो आणि २०×५० मधून तो मिळतच नाही. पाच मिमीच्या आसपास उघडलेल्या डोळ्याला ८×४२ मधले चित्र २०×५० मधल्या चित्रापेक्षा सुमारे चौपट उजळ दिसते. बांबूच्या सावलीत बसलेला बिबट दिसणार की नुसता काळा ठिपका, हे या फरकावर ठरते.

मग जास्त पट असण्यात तोटा काय?

तोटे तीन आहेत. पहिला तोटा थरथरीचा. दुर्बीण वाघाला जेवढी जवळ आणते, तेवढाच हाताचा कंपही वाढवते. २० पट दुर्बीण हातात धरून उभे राहिले की चित्र स्थिर राहत नाही. त्यात जिप्सीचे इंजिन सुरू असेल आणि मागच्या बाकावर कुणी सरकत असेल, तर वाघाचे पट्टे मोजणे दूरच, तो फ्रेममध्ये ठेवणेही कठीण. बहुतेकांच्या हाताला ८ पट आरामात आणि १० पट थोड्या सरावाने पेलते. त्यापुढे ट्रायपॉड हवा किंवा चित्र स्थिर करणारी यंत्रणा असलेली दुर्बीण हवी. कॅननने अशी दुर्बीण १९९५ मध्ये बाजारात आणली होती. तंत्र उत्तम आहे, पण बॅटरी लागते आणि किंमत बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर जाते.

दुसरा तोटा दृश्याच्या रुंदीचा. १०० मीटर अंतरावर ८ पट दुर्बिणीतून साधारण ११ ते १५ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. २० पटीत तो सहा मीटरच्या आसपास उरतो. ‘तिकडे, त्या मोहाच्या मागे’ असे गाइडने सांगितल्यावर दुर्बीण डोळ्याला लावून ते झाड शोधेपर्यंत प्राणी निघून जातो. नागझिऱ्यात फांद्यांमधून पांढरी शेपटी नाचवत जाणारा स्वर्गीय नर्तक किंवा पावसाळ्याच्या तोंडावर येणारा नवरंग अरुंद दृश्यात सापडणे म्हणजे नशिबाचाच भाग.

तिसरा तोटा विदर्भाचा खास आहे, उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यांवर प्राणी दिसतात म्हणून सफारीला गर्दी होते. पण पारा ४५ अंशांकडे सरकला की तापलेल्या जमिनीवरची हवा लहरू लागते. डांबरी रस्त्यावर दुपारी पाण्याचा भास होतो, त्याच हवेतून दुर्बीणही बघत असते. पट वाढवली की प्राण्याबरोबर ही लहरणारी हवाही मोठी होते. अशा दुपारी महागड्या १२ पट दुर्बिणीलाही ८ पट दुर्बिणीपेक्षा जास्त तपशील दिसत नाही.

काही जाहिरातींत ‘ट्वायलाइट फॅक्टर’ नावाचा आकडा देतात. पट आणि व्यास यांच्या गुणाकाराचे ते वर्गमूळ. ८×४२ साठी ते १८.३ येते आणि २०×५० साठी ३१.६. म्हणजे संध्याकाळसाठी २०×५० उत्तम, असा निष्कर्ष कागदावर निघतो. दुर्बीण ट्रायपॉडवर घट्ट बसवली आणि काच उत्तम असली, तर त्यात काही अंशी तथ्यही आहे. मात्र या सूत्रात ना हाताची थरथर आहे, ना काचेचा दर्जा. हलत्या जिप्सीत ते गैरलागू ठरते.

सफारी, तलाव की तारे : कुणासाठी कोणती?

जंगल सफारीसाठी ८×४२ ही सर्वांत सुरक्षित निवड आहे. वजन साधारण ६०० ते ८०० ग्रॅम असते. लहान मुले, ज्येष्ठ किंवा गळ्यात वजन नको असणाऱ्यांसाठी ८×३२ चालेल. तिचा प्रकाशझोत ४ मिमीचा असतो, त्यामुळे अगदी पहाटेची दहा-पंधरा मिनिटे सोडली तर फारसे अडत नाही. खिशात मावणाऱ्या ८×२५ किंवा १०×२५ दुर्बिणी ट्रेकला आणि भटकंतीला बऱ्या. सफारीची एकमेव दुर्बीण म्हणून मात्र त्या घेऊ नयेत.

तलावाकाठच्या पक्षीनिरीक्षणाचे गणित थोडे वेगळे. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा किंवा पारडगाव तलावाच्या काठावर निरीक्षक स्थिर जमिनीवर उभा असतो, समोर मोकळे पाणी असते आणि सकाळी आठनंतर उजेडाची कमतरता नसते. पक्षी मात्र दूर असतात. वारकऱ्यांच्या थव्यात वेगळे बदक कोणते, अडई की हळदी-कुंकू, हे ओळखायला १०×४२ ची जादा पट उपयोगी पडते. १२ पटींच्या पुढे गरज वाटू लागली, तर मोठी दुर्बीण घेण्यापेक्षा ट्रायपॉडवरचा स्पॉटिंग स्कोप घेणे शहाणपणाचे. राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, तर १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अलींचा. त्या आठवड्यात निघणाऱ्या फेऱ्यांत इतरांच्या ८ आणि १० पट दुर्बिणी मागून डोळ्याला लावून पाहणे, ही खरेदीपूर्वीची सर्वोत्तम परीक्षा.

गोंदिया-भंडाऱ्याच्या धानबांध्यांत सारस पाहणाऱ्यांनाही १० पट सोयीची. सारस मोकळ्या शेतात असतो आणि माणूस जवळ गेला की अस्वस्थ होतो. घरट्याच्या दिवसांत तर बांधावरूनच पाहावे.

तिसरा वापर आकाशाचा. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला. तेथे जाणाऱ्यांना टेलिस्कोपच हवा असे नाही. १०×५० दुर्बिणीतून कृत्तिकेतले कितीतरी जादा तारे, मृगातला तेजोमेघ आणि देवयानी दीर्घिकेचा धूसर ठिपका दिसतो. कोपरे भिंतीवर टेकवून दुर्बीण स्थिर धरली तर गुरूचे चंद्रही दिसतात. शनीची कडी मात्र दिसणार नाहीत. ७×५० दुर्बीण आकाशासाठी नावाजलेली आहे, पण तिचा ७.१ मिमीचा झोत तरुण डोळ्यांनाच पुरेपूर उपयोगी. वय वाढते तशी अंधारात बाहुली कमी उघडते आणि साठीनंतर त्यातला बराच प्रकाश वाया जातो. एक इशारा घरातील प्रत्येकाला द्यावा : दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. क्षणभर पाहिले तरी डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

एकच दुर्बीण घ्यायची असेल तर? उत्तर पुन्हा ८×४२ असेच आहे. तलावावर ती थोडी कमी पडेल, आकाशातही थोडी कमी पडेल. पण जंगलात १०×५० जितकी अडचणीची ठरते, तितकी ती कुठेच ठरत नाही.

‘पोरो’ आणि ‘रूफ’ यांत कोणती चांगली?

दुर्बिणीत उलटी प्रतिमा सुलटी करण्यासाठी प्रिझम असतात. इटलीच्या इग्नाझिओ पोरो यांनी १८५४ मध्ये ज्या रचनेचे पेटंट घेतले, तिच्यात पुढची भिंगे मागच्या भिंगांपेक्षा दूर असतात आणि दुर्बिणीला खांदे असल्यासारखा आकार येतो. जुन्या चित्रपटांतली लष्करी दुर्बीण आठवावी. ‘रूफ’ प्रकारात दोन सरळ नळ्या असतात. ती सुटसुटीत असते आणि पाण्यापासून तिचे रक्षण करणे सोपे जाते.

मात्र रूफ प्रिझम अचूक घडवणे कठीण आणि खर्चिक. त्यावर ‘फेज कोटिंग’ नसेल तर चित्राची धार बोथट होते. त्यामुळे कमी किमतीत, म्हणजे ढोबळमानाने दहा हजारांच्या आत, नामांकित कंपनीची पोरो दुर्बीण त्याच किमतीच्या रूफपेक्षा बहुधा सरस चित्र देते. निकॉनची अ‍ॅक्युलॉन मालिका या वर्गातली. तिचा तोटा म्हणजे ती जलरोधक नाही. त्याहून थोडे जास्त खर्चायची तयारी असेल तर फेज कोटिंग असलेली, नायट्रोजन भरलेली जलरोधक रूफ घ्यावी. निकॉन, सेलेस्ट्रॉन, व्होर्टेक्स, बुशनेल अशा कंपन्यांचे पर्याय त्या वर्गात येतात. स्वारोव्स्की, झाइस, लायका यांच्या उंची दुर्बिणी लाखांत जातात. त्या उत्तम आहेत, पण पंधरा हजारांच्या दुर्बिणीपेक्षा त्या दसपट चांगल्या दिसत नाहीत. किंमत जितकी वर जाते, तितका प्रत्येक जादा रुपयाचा परतावा घटत जातो.

कोणत्या जाहिरातींपासून सावध राहावे?

‘३०×६०’ किंवा त्याहून मोठे आकडे छापलेली, तळहातावर मावणारी, हजार-दीड हजारांची दुर्बीण दिसली तर शंका घ्यावी. ६० मिमीचे भिंग सहा सेंटिमीटर रुंद असायलाच हवे. खिशातली पट्टी लावून मोजावे. अनेकदा तिथेच निकाल लागतो. ‘१० ते ३० पट झूम’ही टाळावी. झूममध्ये दृश्य अरुंद होते आणि दोन्ही नळ्यांची पट तंतोतंत जुळवणे अवघड असते. ती जुळली नाही की दहा मिनिटांत डोके दुखते.

लाल चमकणाऱ्या ‘रुबी’ भिंगांचा मोह तर सफारीला जाणाऱ्याने सोडूनच द्यावा. भिंग लाल दिसते याचा अर्थ ते लाल प्रकाश बाहेर परतवते. आतले चित्र निळसर-हिरवट होते. वाळल्या गवतात केशरी वाघ शोधायचा आणि केशरी-लाल रंगच दुर्बिणीच्या दारातून परत पाठवायचा, हा उलटाच व्यवहार झाला. ‘नाइट व्हिजन’ असे छापलेल्या स्वस्त दुर्बिणीतही अंधारात दिसण्याची कोणतीही यंत्रणा नसते.

दुकानात दुर्बीण कशी तपासावी?

दुर्बीण हातभर लांब धरून तिचे मागचे भिंग डोळ्यांसमोर आणि पुढचे भिंग उजेडाकडे ठेवावे. मागच्या भिंगात प्रकाशाची गोल चकती दिसेल. ती पूर्ण गोल आणि कडेपर्यंत सारखी उजळ असेल तर प्रिझम चांगला. कडा कापल्यासारख्या, चौकोनाकडे झुकणाऱ्या किंवा करड्या दिसल्या तर प्रिझम हलक्या प्रतीचा असण्याची शक्यता जास्त. ‘बॅक-४’ आणि ‘बीके-७’ या काचांमधला फरक पाहण्याची हीच सोपी पद्धत आहे.

मग दुकानाबाहेर यावे. ट्यूबलाइटखाली सगळ्याच दुर्बिणी चांगल्या वाटतात. समोरच्या इमारतीची आकाशाला टेकलेली कड पाहावी. तिला जाडसर जांभळी किनार दिसली, तर रंग नीट एकत्र येत नाहीत. विजेची तार दुहेरी दिसली किंवा डोळे ओढल्यासारखे वाटले, तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. अशी दुर्बीण फुकट मिळाली तरी घेऊ नये. लेपाबाबत खोक्यावर ‘फुली मल्टीकोटेड’ हे शब्द शोधावेत. नुसते ‘कोटेड’ म्हणजे एखाद्याच पृष्ठभागावर एकच थर, असाही अर्थ निघतो.

चष्मा वापरणाऱ्यांनी ‘आय रिलीफ’ १५ मिमी किंवा त्याहून अधिक आहे का, हे विचारावे. ते कमी असेल तर चष्म्यासह दृश्याचा फक्त मधला भाग दिसतो. चष्मा लावून पाहताना डोळ्याजवळची रबरी कडी आत फिरवायची, चष्मा नसेल तर बाहेर.

घेतल्यावर पहिले काम कोणते?

दुर्बीण ‘धूसर दिसते’ अशी तक्रार अनेकदा दुर्बिणीची नसते, ती जुळवलेलीच नसते. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी दूरची पाटी स्पष्ट करावी. मग डावा डोळा मिटून, चाकाला हात न लावता, उजव्या नळीवरची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करावी. कडीवरची खूण लक्षात ठेवावी. हे काम घरच्या गच्चीवर करावे. वाघ समोर आल्यावर नव्हे. एकच दुर्बीण चौघांत फिरणार असेल तर प्रत्येकाने आपली खूण आधीच पाहून ठेवावी.

जंगलातून परतल्यावर भिंगावर लाल माती बसलेली असते. ती शर्टाच्या टोकाने किंवा दुपट्ट्याने पुसली की लेपावर ओरखडे उठतात. आधी रबरी फुग्याने धूळ उडवावी, मग मऊ ब्रश आणि शेवटी भिंगाचे कापड. पावसाळ्यात दुर्बीण कपाटात बंद ठेवली की बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. उन्हाळ्यात ती बंद गाडीच्या डॅशबोर्डवर सोडू नये.

केवळ पर्यटकांनी दुर्बिणी घेऊन भागेल का?

भागणार नाही. वर्षातून एकदा सफारीला जाणाऱ्या कुटुंबाने दहा-पंधरा हजार खर्चून दुर्बीण घ्यावी, ही अपेक्षा रास्त नाही. येथे वनविभागाने पुढे यायला हवे. प्रत्येक प्रवेशद्वारावर अनामत रक्कम घेऊन ८×४२ दुर्बीण माफक भाड्याने मिळावी. ती चांगल्या प्रतीची असावी आणि तिची जबाबदारी स्थानिक ग्रामपरिस्थितिकीय विकास समितीकडे द्यावी. एका जिप्सीत सहा पर्यटक असतात. सहा जणांत दोन दुर्बिणी पुरतात. नीट वापरलेली दुर्बीण अनेक वर्षे टिकते, त्यामुळे भाड्यातून तिची किंमत भरून निघणे अवघड नाही.

त्याहून आधी दुर्बीण गाइडच्या गळ्यात हवी. गाइड बहुधा जंगलालगतच्या गावातला तरुण असतो. जंगल वाचण्याची नजर त्याच्याकडे आहे. त्या नजरेला ८ पट जोड मिळाली, तर दीडशे मीटरवरच्या झुडपातला हलणारा कान तो दाखवू शकतो. मग जिप्सी तिथवर नेण्याचे कारणच उरत नाही. प्रशिक्षण शिबिरांत गाइडना दुर्बीण जुळवणे, ती पर्यटकाच्या हातात देऊन झाडाच्या खुणेने प्राणी दाखवणे आणि त्या वेळी चालकाला इंजिन बंद करायला सांगणे शिकवावे. त्याला फारसा खर्चही येणार नाही.

दुर्बीण आली म्हणून गर्दी संपेल, असा दावा कुणी करू नये. मोठ्या लेन्सने चेहरा भरून फोटो हवा असणारे पर्यटक पुढेही ‘जवळ घ्या’ म्हणतीलच आणि त्यांच्यासाठी नियम व दंड लागतीलच. पण जिप्सीतल्या बहुतेकांना फोटो नव्हे, वाघ पाहायचा असतो. हातात काहीच नसल्याने ते जवळ जाण्याचा हट्ट धरतात. वाघिणीची वाट अडवणाऱ्यांना निलंबित करणे हा उपाय घटना घडून गेल्यावरचा आहे. घटना घडण्याआधीचा एक उपाय दुर्बिणीच्या रूपात सहज उपलब्ध आहे आणि तो प्रवेशद्वारावरच पर्यटकाच्या हातात द्यायला हवा.